मुलांच्या तोंडची जात आणि कर्मवीर भाऊराव

सांगलीहून इस्लामपूरकडे निघाले की वाटेत आष्टा लागते. भोवती उसाचे फड, जुनी नगरपालिका, आठवड्याचा भरगच्च बाजार आणि सकाळ-संध्याकाळ सायकलींनी फुललेले शाळांचे रस्ते. इथून दक्षिणेला वारणेच्या काठी उतरले की दुधगाव येते. नदीपलीकडे बाहुबलीच्या डोंगराच्या बाजूला कुंभोज आहे. पश्चिमेच्या अंगाला, वाळवे तालुक्यातच, ऐतवडे बुद्रुक. हा सारा टापू एका दिवसात फिरून होईल एवढाच. पण महाराष्ट्रातल्या गोरगरिबांच्या शिक्षणाचा इतिहास लिहायचा झाला तर त्याचे पहिले पान याच टापूत उघडावे लागते. कुंभोजला जन्मलेला, ऐतवड्याच्या पाटील घराण्यातला, दुधगावात पहिला धडा गिरवलेला तो माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांची थोरवी सांगणारे लेख दर सप्टेंबरात त्यांच्या जयंतीला येतात. वडाचे झाड, पांढरी दाढी, खादी, अनवाणी पाय हे चित्र शाळेच्या भिंतीवर सर्वांनी पाहिलेले आहे. आज त्यांची आठवण काढण्याचे निमित्त जरा वेगळे आहे. शाळकरी मुले एकमेकांशी बोलताना जातीची, धर्माची, गावकुसाची जी भाषा वापरतात, तिचे काय करायचे हा प्रश्न अलीकडे पालकांना आणि शिक्षकांना पुन्हा पडू लागला आहे. मधल्या सुट्टीत चेंडू कुणाचा यावरून भांडण होते आणि तिसऱ्या वाक्याला समोरच्याची जात बाहेर येते. आडनाव विचारून मैत्री ठरते. आपल्या मराठीत जातींवरून टोमणे मारणाऱ्या म्हणींचा तोटा नाही. त्या इथे देण्याचे कारण नाही, वाचकांच्या त्या पाठ आहेत. नेमकी तीच अडचण आहे. त्या आपल्या पाठ आहेत म्हणूनच मुलांच्याही पाठ होतात.

आता तर त्यात मोबाईलची भर पडली आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून शहर पेटले, तेव्हा पोलिसांनी ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन मुलेही होती. त्याच वर्षी सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात पुसेसावळीला समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून दंगल झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. ही दोन्ही ठिकाणे भाऊरावांच्या पायाखालची. शाहू महाराजांचे कोल्हापूर आणि रयतेचा सातारा जिल्हा. त्यामुळे हा प्रश्न दूरच्या कुणा शहराचा म्हणून बाजूला सारता येत नाही.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा. वडील पायगोंडा पाटील सरकारच्या मुलकी खात्यात नोकरीला, आई गंगाबाई. घर जैन, त्यामुळे सोवळेओवळे, व्रतवैकल्ये चोख. वडिलांची बदली होईल तशी मुलाची शाळा बदलत गेली. अभ्यासात लक्ष बेताचेच. पोहणे, कुस्ती, रानात भटकणे यांत मात्र पुढे. बरोबरच्या पोरांत सर्व जातींची पोरे असत आणि घरच्यांना ते फारसे रुचत नसे.

त्यांच्या लहानपणची एक आठवण सांगितली जाते. गावच्या विहिरीवर अस्पृश्य बायाबापड्यांना पाणी शेंदू देत नसत. कुणी वरून ओंजळभर वाढेल म्हणून त्या तासन्‌तास ताटकळत बसत. हे पाहून या मुलाचे डोके असे फिरले की त्याने विहिरीचा रहाटच मोडून पाण्यात टाकून दिला. आम्हाला पाणी मिळते आणि यांना मिळत नाही, तर मग कुणालाच नको, असा तो पोरकट पण सरळ न्याय. गोष्टीत काळाच्या ओघात थोडे मीठमसाला पडले असेलही. पण पुढे हाच माणूस रहाट मोडण्यापेक्षा कितीतरी अवघड काम चाळीस वर्षे करत राहिला, हे मात्र खरे.

त्या काळची शाळा कशी होती हे समजून घेतल्याशिवाय भाऊरावांचे मोल कळत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. तो मुलगा म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे. बसायचे गोणपाटही घरून न्यायचे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतले तरच प्यायचे आणि शिपाई नसेल तर तहानलेलेच राहायचे. पुढच्याच वर्षी वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली ही भावंडे मसूर स्टेशनावर उतरली. चांगल्या कपड्यांतली ही मुले कोणत्या जातीची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला आणि गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकत, रात्रभर पाण्यावाचून त्यांनी प्रवास केला. मुलाला त्याची जात पहिल्यांदा ऐकू येते ती अशी, मोठ्यांच्या तोंडून. बाबासाहेब तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते. भाऊराव त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे आणि वाढत होते त्याच जिल्ह्यात.

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात गेले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. बोर्डिंगचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. विद्वान, शिस्तीचे आणि समाजात मान असलेले गृहस्थ. कोल्हापुरात तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहांचा सपाटा लावला होता. जवळजवळ प्रत्येक समाजासाठी एकेक वसतिगृह उभे राहत होते. त्यांतले अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ मध्ये सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर अंघोळ केल्याशिवाय जेवणघरात यायचे नाही, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी अंघोळ करायला साफ नकार दिला. परिणाम व्हायचा तोच झाला. बोर्डिंगमधून त्यांचे नाव कमी झाले.

अभ्यासाची गत तर याहून वाईट. इंग्रजी सहावीत गाडी अडली. स्वतः शाहू महाराजांनी शब्द टाकला असता मुख्याध्यापक भार्गवराम कुलकर्णी यांनी तो मानला नाही. हा मुलगा ज्या बाकावर बसतो तो बाक एक वेळ वर चढवीन, पण मुलाला नाही, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर पुढे कोल्हापुरात आख्यायिकाच होऊन बसले. छत्रपतींना नाही म्हणणारा मास्तर आणि ते ऐकून घेणारा राजा, दोघेही आजच्या काळात दुर्मीळ. असो.

शिक्षण असे अर्धवट सुटले. १९०९ मध्ये कुंभोजच्याच सधन घराण्यातल्या आदूबाईंशी लग्न झाले. सासरी त्या लक्ष्मीबाई झाल्या. पोटापाण्यासाठी भाऊराव साताऱ्यात शिकवण्या करू लागले आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. याच सुमारास वारणाकाठच्या मित्रांबरोबर दुधगावात त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एक विद्यार्थी आश्रम सुरू केला. आष्ट्यापासून हाकेच्या अंतरावर म्हणावे असे हे गाव. कोल्हापुरात शाहू महाराजांची वसतिगृहे बहुतांशी जातवार होती, आणि त्या काळी तेच शक्य होते. एकेका समाजातून पोरे बाहेर काढायची तर त्या समाजाच्या पुढाऱ्यांना हाताशी धरावे लागे. भाऊरावांनी मात्र पहिल्याच डावात सर्वांना एका छपराखाली आणले. हा फरक लहान वाटतो, पण त्यांचे पुढचे सगळे आयुष्य यातूनच उलगडत गेले.

आणि मग १९१४ साल आले. या सालाबद्दल शाळेतल्या भाषणांत फारसे बोलले जात नाही, पण भाऊराव समजायचे तर इथे थांबावेच लागेल. कोल्हापुरात इंग्लंडच्या राजाच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासले. संशय लठ्ठ्यांकडे वळवण्यात आला. त्यांच्याविरुद्ध भक्कम साक्ष हवी होती आणि भाऊरावांपेक्षा सोयीचा साक्षीदार कोण मिळणार? याच लठ्ठ्यांनी त्यांना बोर्डिंगमधून काढले होते. भर तारुण्यातला तो अपमान होता. चार ओळींच्या खोट्या साक्षीने तो फिटला असता आणि वर अधिकाऱ्यांची मर्जीही लाभली असती. भाऊरावांनी खोटी साक्ष द्यायचे नाकारले. त्यांना कोठडीत टाकले गेले, छळ झाला. तो इतका असह्य झाला की जीव नकोसा होऊन त्यांनी तो संपवण्याचेही प्रयत्न केले. तरी साक्ष दिली नाही. हेच लठ्ठे पुढे शाहू महाराजांचे चरित्रकार झाले आणि १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले.

याहून नवलाची गोष्ट पुढची आहे. ज्या संस्थानच्या कोठडीत हे सारे सोसावे लागले, त्या संस्थानच्या राजाबद्दल भाऊरावांच्या मनात अढी राहिली नाही. महाराजांनी बहुजनांच्या पोरांसाठी काय केले आहे हे त्यांनी कोल्हापुरात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. साताऱ्यातल्या आपल्या वसतिगृहाला त्यांनी नाव दिले तेच मुळी छत्रपती शाहू बोर्डिंग. ज्याला स्वतःचे वैर असे बाजूला ठेवता येते, त्याच माणसाने पुढे हजारो मुलांना एकमेकांचे वैर विसरायला लावले.

त्या प्रकरणानंतर भाऊराव फिरतीच्या नोकरीत शिरले. ओगले यांच्या काच कारखान्याचे कंदील, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते खेडोपाडी हिंडले. नांगर विकणारा माणूस शेतकऱ्याच्या ओसरीवर बसतो, भाकरी खातो, घरातल्या पोरांना नावे विचारतो. कोणत्या घरात पोर हुशार आहे आणि कोणत्या घरात ते ढोरांमागे आहे, हे त्यांना या फिरतीत कळले. सत्यशोधक समाजाच्या कामातही ते तेव्हाच ओढले गेले. याच काळातली एक हकिकत चरित्रकार सांगतात. इस्लामपूरच्या शाळेत वर्गाबाहेर एकटाच बसून, दारातून येणारा मास्तरांचा आवाज ऐकणारा एक मुलगा भाऊरावांनी पाहिला. चौकशी केली तेव्हा अस्पृश्य म्हणून त्याला आत घेत नाहीत असे कळले. भाऊरावांनी त्याला उचलले आणि कोल्हापूरच्या मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये नेऊन पोचवले. तो मुलगा ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. पुढे बाबासाहेबांच्या मूकनायकाचे संपादन त्यांनी केले आणि मुंबईच्या कायदे कौन्सिलातही ते जाऊन बसले. उंबऱ्याबाहेर बसवलेला मुलगा इलाख्याचे कायदे करणाऱ्यांत जाऊन बसला, आणि त्याला दहा-पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला नाही.

कराडजवळच्या काले या गावी सत्यशोधकांच्या परिषदेत भाऊरावांनी शिक्षणसंस्थेचा विचार मांडला आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्था जन्माला आली. १९२१ मध्ये वाळवे तालुक्यात नेर्ले येथे वसतिगृह निघाले. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला हलले.

नेर्ल्याचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नेर्ल्यापासून थोड्याच अंतरावर वाटेगाव आहे. नेर्ल्याचे वसतिगृह निघाले त्याच्या आदल्या वर्षी, १ ऑगस्ट १९२० रोजी, तिथल्या मांगवाड्यात अण्णाभाऊ साठे जन्मले. त्यांची शाळा भरली ती अवघी दीड दिवस. एवढ्या वेळात वर्गात जे वाट्याला आले त्याने ते परतले आणि पुन्हा गेले नाहीत. पुढे त्यांनी फकिरा लिहिली, जगभर नाव कमावले, ते त्यांच्या अंगच्या तेजाने. पण एकाच तालुक्यात, एकाच काळात एका गावी सर्व जातींची मुले एकत्र ठेवणारे वसतिगृह आणि शेजारच्या गावी दीड दिवसात संपलेली शाळा, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की भाऊराव किती थोड्या मुलांपर्यंत पोचू शकले होते हेही जाणवते. दीड दिवसात शाळा सोडणारा प्रत्येक मुलगा काही अण्णाभाऊ होत नाही. बाकीच्यांची नावे कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

साताऱ्याच्या बोर्डिंगचे रोजचे जीवन हा या चरित्राचा गाभा आहे. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मण, धनगर, रामोशी अशा नाना घरची मुले तिथे एकत्र राहत. स्वयंपाक मुलांनीच करायचा, वाढायचे मुलांनीच, भांडी घासायची मुलांनीच. पहाटे उठून झाडलोट, पाणी, मळ्यातले काम. भाकरी कुणी थापली आहे हे पंगतीत विचारायचे नाही. विचारून उपयोगही नव्हता, कारण उद्या पाळी आपलीच असे. आज एकाच्या हातची आमटी खाऊन उद्या त्याला जातीवरून हिणवणे कठीण जाते. निदान त्याच्या आमटीत मीठ जास्त झाले म्हणून हिणवले जाते, आणि पोरांच्या भांडणाला एवढा विषय पुरेसा असतो.

भाऊरावांनी शिव्यांविरुद्ध व्याख्याने झोडल्याचे कुणी सांगत नाही. तसे ते स्वतः रांगड्या बोलीचे, तोंडाने फटकळ. त्यांनी बदलले ते मुलांच्या बसण्या-उठण्याचे, रांधण्या-जेवण्याचे गणित. त्या काळात साताऱ्याकडची ब्राह्मणेतर चळवळ जोरात होती. दोन्ही बाजूंनी भाषणांत, जलशांत, पत्रकांत विखारी भाषा चाले. भाऊराव त्या चळवळीतले खंदे कार्यकर्ते. तरी त्यांच्या बोर्डिंगचे दार ब्राह्मण मुलाला बंद झाले नाही. सभेतला विरोध पोरांच्या ताटापर्यंत आणायचा नाही, हे पथ्य त्यांनी पाळले. प्रस्तुत लेखकाला त्यांची ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते, कारण मोठी माणसे नेमकी इथेच घसरतात. राजकारणातला राग घरी जेवताना बोलून दाखवला जातो, शेजारी बसलेले नऊ वर्षांचे पोर तो गिळते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तोच राग शेजारच्या बाकावर ओकते.

या सगळ्याचा भार पेलला लक्ष्मीबाईंनी. त्या आल्या होत्या कर्मठ, सुखवस्तू जैन घरातून. सोवळे त्यांच्या अंगवळणी पडलेले. नवरा एके दिवशी महारामांगांची पोरे घरात घेऊन येतो आणि यांना जेवू घाल म्हणतो, तेव्हा त्या बाईच्या मनात काय झाले असेल याची कल्पना आजच्या गृहिणींनी करावी. मन एका दिवसात बदलत नाही, त्यांचेही बदलले नसणार. पण तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी रात्र काढली की सकाळी सोवळे आठवत नाही. त्या मुलांची आईच होऊन गेल्या. अंगावरचा दागिना एकेक करून बोर्डिंगच्या धान्यासाठी गेला. शेवटी असा दिवस आला की भाऊराव परगावी, घरात दाणा नाही आणि मुले उपाशी. लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि धान्य आणवले. १९३० मध्ये त्या गेल्या. वसतिगृह बाळसे धरत होते, संस्थेची महाविद्यालये अजून कितीतरी दूर होती. रयतमाउली म्हणून त्यांचे नाव आज घेतले जाते. शाळाशाळांतून भाऊरावांच्या फोटोला हार घातला जातो तेव्हा शेजारी त्यांचाही असावा, एवढेच म्हणावेसे वाटते.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगचे नामकरण झाले. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र रांधून जेवताना पाहून गांधीजी चकित झाले आणि आपल्याला साबरमतीत जे साधले नाही ते इथे साधले आहे, असा भाव त्यांनी व्यक्त केला असे सांगतात. भाऊरावांनी खादी अंगावर घेतली ती कायमची. १९३२ मध्ये गांधीजी आणि बाबासाहेब यांच्यात पुणे करार झाला. त्या ऐक्याची खूण म्हणून भाऊरावांनी पुण्यात वसतिगृह काढले आणि त्याचे नाव ठेवले युनियन बोर्डिंग. करारातल्या कटुतेची चर्चा देशभर चालू असताना हा माणूस त्यातला ऐक्याचा धागा उचलून त्याचे वसतिगृह करून मोकळा झाला.

वसतिगृहातली मुले सुधारतील, पण गावच्या शाळेतल्या मास्तरचे काय? वर्गात जात प्रथम उच्चारली जाते ती पुष्कळदा मास्तरांच्याच तोंडून. कधी हजेरी घेताना, कधी चुकलेल्या गणितावर. हे ओळखूनच की काय, भाऊरावांनी १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. आपल्या बोर्डिंगच्या पंगतीत जेवलेला तरुण मास्तर होऊन खेड्यात गेला तर मुलांना वर्गाबाहेर बसवणार नाही, हा त्यामागचा हिशेब असावा. डोंगरदऱ्यांतल्या, शाळाच नसलेल्या गावांत पुढे पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा निघाल्या, त्या असल्याच तरुणांच्या बळावर. १९४० मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. कमवा आणि शिका ही योजना तिथे रुजली. मुलांनी माती वाहिली, खडी फोडली, विहिरी खणल्या. घामाला जात नसते असे म्हणण्याची पद्धत आहे, पण खरे सांगायचे तर घमेले उचलताना दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागते, आणि ते कोण आहे याची चौकशी करायला तेव्हा सवड नसते.

अमेरिकेतल्या गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पूर्वग्रहांवर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. भिन्न गटांतली माणसे नुसती शेजारी ठेवल्याने द्वेष कमी होत नाही, असे त्याने दाखवले. त्यांचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठायला एकमेकांची गरज लागली पाहिजे आणि वरच्या अधिकाऱ्यांचा त्याला मनापासून पाठिंबा हवा. १९७१ मध्ये टेक्सासमध्ये गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एकत्र झाल्यावर वर्गावर्गांत मारामाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा इलियट ॲरन्सन याने धडा तुकड्यातुकड्यांनी वाटून देण्याची पद्धत काढली. प्रत्येकाजवळ एकच तुकडा. शेजाऱ्याचे नीट ऐकून घेतल्याशिवाय कुणालाच पूर्ण धडा कळत नाही. साताऱ्याच्या बोर्डिंगात धड्याच्या जागी भाकरी, कालवण आणि विहिरीचे पाणी होते, एवढाच फरक. ऑलपोर्टच्या चारही अटी सहावीत नापास झालेल्या माणसाने तीस वर्षे आधी पुऱ्या केल्या होत्या.

१९४८ मध्ये गांधीजींचा खून झाला. त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात जातीच्या नावाने घरे जाळली गेली. ज्या मुलुखात एक पंगत बसवण्यासाठी तीस वर्षे खर्ची पडली, तिथेच द्वेषाने हे रूप दाखवले. भाऊरावांनी गांधीजींच्या नावाने एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. त्याच सुमारास मुंबई सरकारशी त्यांचा खटका उडाला. त्यांच्या एका भाषणाने सरकार दुखावले आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. फटकळपणाची किंमत संस्थेने मोजली, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण अनुदान थांबले म्हणून शाळा थांबल्या नाहीत. मूठमूठ धान्य गोळा होत राहिले, लोक पाठीशी उभे राहिले आणि पुढे अनुदानही पुन्हा सुरू झाले. संस्थेने दिलेली नावे पाहिली तरी या माणसाचा पिंड कळतो. साताऱ्याचे महाविद्यालय छत्रपती शिवाजींच्या नावाने, कराडचे सद्गुरू गाडगे महाराजांच्या, तर शिक्षकांना घडवणारे कॉलेज मौलाना आझादांच्या नावाने.

आज भाऊरावांच्या काळचे कायदे राहिलेले नाहीत. अस्पृश्यता घटनेच्या सतराव्या कलमाने गेली. जातीवरून अपमान करणे १९८९ च्या कायद्याने गुन्हा ठरले. मुलांचा मानसिक छळ करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मनाई केली. हे सारे हवेच होते. पण दहा वर्षांच्या मुलाने वर्गमित्राला जातीवरून काही म्हटले तर पोलीस ठाणे हा त्यावरचा इलाज नव्हे, आणि पोर आहे, सोडून द्या, हाही नव्हे. ज्याला बोलले गेले ते मूलही पोरच असते आणि त्याला ते पन्नास वर्षे आठवते. शाळेत आज दुपारचा पोषण आहार मिळतो. ही पंगत सरकारने आयतीच मांडून दिलेली आहे. पण तिथे मुले कशी बसतात? डबे आणणारी एकीकडे आणि खिचडी घेणारी दुसरीकडे? वाढायला कुणाला उठवले जाते आणि भांडी कुणाकडे जातात? आष्ट्याच्या काय किंवा आणखी कुठल्या गावच्या शाळेत काय, मुख्याध्यापकांनी आठ दिवस नुसते उभे राहून हे पाहावे. वर्गातले बाक दर पंधरवड्याला बदलावेत, सहलीच्या स्वयंपाकाच्या तुकड्या चिठ्ठ्या टाकून पाडाव्यात, गॅदरिंगच्या नाटकात कामे देताना आडनावाकडे पाहू नये. पैशाचा प्रश्न यात कुठेच येत नाही. घरात मात्र हे काम आईवडिलांनाच करावे लागेल. मोबाईलवर आलेला एखादा विखारी मजकूर बाबा हसून काकांना पाठवतात, तेव्हा खोलीत मूल असते, हे निदान ध्यानात ठेवावे.

भाऊरावांची प्रकृती अखेरच्या वर्षांत ढासळत गेली. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ५ एप्रिल १९५९ रोजी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही पदवी अर्पण केली. भार्गवराम मास्तरांनी ज्याला सहावीतून वर चढवले नव्हते, त्याच्या नावामागे आता डॉक्टर लागले. ते मिरवायला त्यांना महिनाभरच मिळाला. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यात आहे.